एक्केचाळीसावा आकडा

७ फेब्रुवारी

घुम्या,

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून कागद. पोस्टमन निदान तुझ्या दारापर्यंत तरी पोचेल. पुढे वाचायचं की चहाच्या कपाखाली ठेवायचं, ते तुझं तू बघ.

तुझं काम प्रकल्पातून काढून टाकलं त्याला आज अकरा दिवस झाले. निर्णय समितीचा होता, मी फक्त तो जाहीर केला. हे आधीच सांगते, कारण तू सगळं माझ्यावर ढकलून मोकळा झाला असशील.

नियम मात्र माझा, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आईचे हात आणि जीभ जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिने सोळा दिवस बसून स्वतःचा आवाज त्या मशीनमध्ये भरला. पुढे ती नुसत्या नजरेने पडद्यावरची अक्षरं टिपणार होती आणि मशीन तिच्या आवाजात बोलणार होतं. वर्षभर बोललंही. मग कंपनीने गाशा गुंडाळला, एकतीस डिसेंबरला सेवा बंद केली आणि मशीन मुकं झालं. आवाजाची फाईल आत शाबूत आहे, पण ती उघडणारा प्रोग्राम कंपनीचा, आणि तो आता चालत नाही. माणसाचा स्वतःचा आवाज आणि किल्ली परक्याच्या खिशात. आईसारखे आणखी दोनशे-तीनशे जण आहेत. गेल्या ऑगस्टात कंपनीची नोटीस आली त्याच आठवड्यात मी आपल्या गटापुढे हॉलमध्ये उभी राहून म्हणाले, तो प्रोग्राम आपण नव्याने लिहू आणि ज्याला हवा त्याला फुकट देऊ. पहिला हात तू वर केला होतास. मी ते विसरलेले नाही.

पण चोरी करून नाही, हेही मी त्याच दिवशी म्हणाले होते. आपल्यात एक भिंत आहे. वाचणाऱ्यांनी कंपनीचा प्रोग्राम उकलून तो काय करतो याचं साध्या भाषेत वर्णन लिहायचं. लिहिणाऱ्यांनी ते वर्णन वाचून आपल्या डोक्याने नवा प्रोग्राम लिहायचा, मूळ मजकूर जन्मात बघायचा नाही. दोघांनी कामाबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. जे काय विचारायचं ते सगळ्यांना दिसणाऱ्या वहीत. मी वाचणारी, तू लिहिणारा. एका टेबलावर जेवताना आपण पाळलं हे. आई म्हणायची, तुम्ही दोघं बोलत नाही तेच बरं, भाजी तरी गरम खाल्ली जाते. उद्या कंपनीचे वकील दारात आले तर आपण चोर नाही हे सांगायला आपल्याकडे या भिंतीशिवाय काय आहे? म्हणून नोव्हेंबरात कोणीतरी कंपनीचा मूळ मजकूर पळवून नेटवर टाकला तेव्हा मी बजावलं, जो डोकावेल तो संपला.

आणि मग जानेवारीत तुझी फाईल आली. त्यात चौसष्ट आकड्यांचा तक्ता आहे. आवाज उलगडायला तो लागतो. माझ्या वर्णनात त्याचं सूत्र दिलंय आणि तुझे त्रेसष्ट आकडे सूत्राप्रमाणे आहेत. एक्केचाळीसावा सूत्राने ५१२ यायला हवा. तू लिहिलास ५२१. घुम्या, मी उकललेल्या कंपनीच्या प्रोग्राममध्येही तो ५२१च आहे. तिथल्या कुणा पेंगुळलेल्या इंजिनियरने दोन आकडे उलटे टाइप केले. ही चूक वर्णनात नव्हती. मग तुझ्याकडे आली कुठून?

समितीने विचारलं तेव्हा तू एकच शब्द बोललास, "ऐकून." रेकॉर्डिंग मागितली तर म्हणालास, देता येणार नाही. यानंतर आम्ही काय करायचं होतं? तुझ्या 'ऐकून'वर थोडा हशा झाला. तो व्हायला नको होता, तेवढं मान्य.

आई विचारते तू रविवारी का येत नाहीस. कामात आहे म्हणून सांगितलंय.

ताई


३० एप्रिल

घुम्या,

तुझी चिठ्ठी मावशींनी दिली. आईचं करायला ठेवलेल्या बाईंच्या हाती बहिणीला चिठ्ठी पाठवायची, इथवर आपण आलो. तू दर गुरुवारी येतोस म्हणे, मी कॉलेजात असते तेव्हा. ये, पण चपला दाराबाहेर लपवून ठेवत जाऊ नकोस. हे घर तुझंही आहे.

चिठ्ठीत तू दोनच ओळी लिहिल्यास. माझी फाईल जगाला देऊ नका, फक्त आईच्या मशीनवर चालू द्या. एवढंच.

नाही. आईचं मशीन हे प्रकल्पाचं चाचणीचं एकमेव मशीन आहे. त्यावर संशयाचं काम चढलं तर पुढे तिथे तपासलेलं प्रत्येक काम संशयाचं ठरेल. आणि ते जाऊ दे. आपल्या आईसाठी नियम वाकवायचा आणि दुसऱ्याच्या आईला नियम वाचून दाखवायचा, हे मी आयुष्यभर ज्यांच्यात पाहिलं त्यांच्याविरुद्धच तर बोलत आले. सत्तेवर बसलेले असेच घसरतात, एका प्रेमळ अपवादापासून. मला तसं व्हायचं नाही. तुझी जागा दुसऱ्या दोघांनी घेतली आहे. ते पहिल्यापासून लिहिताहेत. वेळ लागेल. लागू दे.

आईबद्दल तुला मावशींकडून कळतच असेल. मशीनवर मी तयार आवाज चढवून दिला होता. कुणा तरुण बाईचा, उत्साहाने फुगलेला, स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तसा. आईने पहिलं वाक्य टिपलं, "ही बाई कोण?" मला हसू आलं. ती हसली नाही. दोन दिवसांनी तिने मशीनकडे बघणं सोडलं. आता अक्षरांची पाटी समोर धरायची, तिची नजर कुठे थांबते ते बघायचं आणि शब्द जुळवायचा. एका वाक्याला दहा मिनिटं. परवा तिने वीस मिनिटं घेऊन सांगितलं, "तीस वर्षं लोकांच्या लाईनी जोडल्या. माझी कोणी जोडेना."

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईचा आवाज जावा. असलं काही कुणी लिहून दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं, फार ओढून आणलंय.

तिला मी सांगते, काम चालू आहे. तूही तेच सांगतोस असं मावशी म्हणाल्या. खोटं बोलण्यात तरी आपलं एकमत आहे.

ताई


२२ सप्टेंबर

घुम्या,

परवा स्मशानात तू आलास आणि गेलास. मी तुला पाहिलं. फाटकाजवळ उभा होतास, हात खिशात, लहानपणी शाळेच्या फोटोत उभा राहायचास तसा.

मला दोन शब्द बोला म्हणाले. मी बोलले. आवाज, हक्क, माणसाचा मान, असं सगळं. तू मध्येच निघून गेलास. नंतर लोक येऊन म्हणाले, छान बोललात.

तुला माहीत असायला हवं म्हणून लिहिते. पाटीवर तिचा शेवटचा शब्द 'खिडकी' होता. उघडायची की लावायची ते समजायच्या आत तिने डोळे मिटले. मी उघडली.

तुझ्या जागी बसलेल्या दोघांचं काम अजून झालेलं नाही. अजून दोन महिने लागतील म्हणतात.

ताई


३ ऑक्टोबर

घुम्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिली दोन चांगली झाली होती. म्हणूनच फाडली.

आईचं कपाट रिकामं करताना खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. मावशी म्हणाल्या, दादांचा आहे, ते न्यायला येणार होते. मग म्हणाल्या, "आईंनी पाटीवर सांगितलं होतं, मोठीला नको."

मी उघडला.

आत तुझी वही आणि एक छोटा रेकॉर्डर. वहीवर तारीख तीन सप्टेंबर, गेल्या वर्षीची. मूळ मजकूर पळवला गेला तो नोव्हेंबरात. त्याच्या दोन महिने आधी तू आईच्या खाटेशी बसून मशीन बोलेल ते टिपत होतास. डावीकडे तिचं वाक्य, उजवीकडे मोजमाप. चारशे सतरा वाक्यं. पान अकरावर तू पेन्सिलीने लिहिलंयस, 'ळ आला की आवाज अडखळतो. दर वेळी. तेवढाच.' पान एकोणतीसवर त्या अडखळण्याच्या मापावरून पाच आकडे खोडून सहावा लिहिलाय, ५२१, आणि त्याभोवती गोल.

मी रेकॉर्डर लावला. ती म्हणाली, "सकाळ झाली का." तिच्या आवाजात, आणि 'सकाळ' म्हणताना शेवटी इतकंसं थांबून, आवंढा गिळल्यासारखं. "केळं नको." तिथेही तसंच. "माझे डोळे दुखतात." तिथेही.

घुम्या, जो कुणी तिच्याजवळ रोज तासभर बसला असता त्याला ते ऐकू आलं असतं. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, हो की, आई गमतीने म्हणायच्या, मशीनच्या घशात सुपारी अडकते. वर्षभर मशीन बोलत होतं आणि मी त्याच घरात राहत होते. मी तो एक्केचाळीसावा आकडा कंपनीच्या प्रोग्राममध्ये डोळ्यांनी वाचला होता. कानांनी कधी ऐकलाच नव्हता. म्हणून मला वाटलं, तो फक्त आत डोकावूनच कळू शकतो.

आता मी जे पहिल्या पत्रात लपवलं ते.

निर्णय समितीचा नव्हता. पाचांपैकी तिघं म्हणत होते, थांबू या, त्याला दोन महिने देऊ. त्यांतला लायब्ररीवाला तर म्हणाला, हा पोरगा खोटं बोलतोय असं वाटत नाही. मग मी उभी राहिले. गटात मला माईक म्हणतात हे मला माहीत आहे. वीस मिनिटं बोलले. भिंतीबद्दल, विश्वासाबद्दल, एका फटीतून सगळं घर कसं ढासळतं त्याबद्दल. आणि म्हणाले, "ऐकून? उद्या कुणी येऊन म्हणेल, मी वास घेऊन लिहिला." हसले सगळे. तू टेबलाकडे बघत होतास. हसणं ओसरेपर्यंत तिघांचे दोघं झाले होते, चहानंतर एक उरला. ते मत नव्हतं, घुम्या. ते माझं भाषण होतं.

दुसरं त्याहून वाईट. मी लिहिलं की ती चूक वर्णनात नव्हती. का नव्हती? मी गाळली म्हणून. वाचणाऱ्याने जे आहे ते लिहायचं, जे असायला हवं ते नाही, हा नियमही माझाच. पण ५२१ बघून मला कंपनीची इतकी कीव आली की मी मनात म्हटलं, यांचा गाढवपणा कशाला नोंदवायचा, सूत्र दिलं की झालं. मी तो आकडा नोंदवला असता तर तुझ्या तक्त्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. भिंतीची पहिली वीट मीच काढली आणि तिथून तुला बाहेर ढकललं.

तू रेकॉर्डिंग का दिली नाहीस तेही कळलं. पहिली दहा वाक्यं तर चहाची, पंख्याची. तेवढीच दिली असतीस तरी सुटला असतास. पण आईला शब्द दिला म्हणजे सगळ्या डब्याचा दिला, असाच तू. अकरावं वाक्य मी ऐकलं. ते ऐकायचा मला अधिकार नव्हता, आणि तरी तुला लिहून पाठवतेय, कारण मी ते ऐकलंय हे तुझ्यापासून लपवायचं नाही. ती म्हणाली:

"बाळ, तुझ्या ताईला सांगू नको. मला मरायची भीती वाटते. तिला सांगितलं तर ती मला धीर देईल. मला धीर नको. कुणीतरी नुसतं ऐकायला हवं."

'बाळ' म्हणताना ती अडखळली. मशीन अडखळलं. कोण ते मला सांगता येत नाही.

मी तिथे रेकॉर्डर बंद केला. एक्स्चेंजमध्ये तिला शिकवलं होतं, लाईन जोडायची आणि कान काढून घ्यायचा. तीस वर्षं तिने ते पाळलं. मला अकराव्या वाक्यापर्यंत जमलं नाही, पण पुढची चारशे सहा मी ऐकलेली नाहीत.

आणखी एक. जानेवारीत तुझ्याकडे तयार फाईल होती. गुरुवारी घरात आईजवळ तू आणि मावशी, तिसरं कुणी नसायचं. मशीनवर ती गुपचूप चढवायला तुला पाच मिनिटं लागली असती आणि मला कधी कळलंही नसतं. चोराने तेच केलं असतं. तू चिठ्ठी पाठवून परवानगी मागितलीस. मी ती चिठ्ठी वाचली आणि तरीही तू चोर नाहीस हे मला दिसलं नाही. उलट तुला सत्तेवरचं व्याख्यान दिलं.

आठ महिने, घुम्या. आठ महिने ती बोलू शकली असती. 'खिडकी'च्या पुढचं सांगू शकली असती.

ताई


१६ नोव्हेंबर

घुम्या,

झालं ते कळवते.

मी गटाच्या वहीत सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. बारा ओळी, त्यात विशेषण एकही नाही. आकडा मी गाळला, आरोप मी केला, समितीला मी वळवलं, आरोप खोटा होता. पुरावा म्हणून तुझ्या वहीतली मोजमापं दिली आणि पहिली दहा वाक्यं, चहा-पंख्याची. बाकी काही दिलं नाही. डब्यात आणखी काय आहे असं विचारलं गेलं. घरचं आहे, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, असं मी म्हणाले. लायब्ररीवाला शांतपणे म्हणाला, "त्याच्या शब्दावर तेव्हा ठेवला नाहीत, मग तुमच्यावर आता का ठेवायचा?" मला पाच-सहा उत्तरं सुचली. मी खाली बसले.

दहा वाक्यांवर त्यांनी स्वतः मोजून बघितलं. दोन आठवडे लागले. ५२१च येतो. तुझं काम जसंच्या तसं परत घेतलं आहे. तुझ्या जागी बसलेल्या दोघांनी आपलं अर्धवट काम स्वतःहून बाजूला ठेवलं. वाचणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव मी काढलं. कुणी थांबवलं नाही, ते बरं केलं.

भिंत चूक होती असं मला आजही वाटत नाही. हे तुला राग यावा म्हणून लिहीत नाही, खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. भिंत ठीक होती. तिच्या आड मी काय केलं, तो प्रश्न आहे.

गेल्या सोमवारी पहिला माणूस बोलला. बसचा ड्रायव्हर होता, तीन वर्षं खाटेवर आहे. त्याच्या बायकोने लिहिलंय, पहिल्यांदा मला शिवीच दिली, अगदी त्यांच्या आवाजात, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सगळ्या गटाने ते वाचलं. तुझी फाईल आहे ती.

मग आपल्यातल्या एकाने सुचवलं की आता एक्केचाळीसावा आकडा सूत्राप्रमाणे ५१२ करून टाकू, म्हणजे कुणाचंच बोलणं अडखळणार नाही. बाकीच्यांनाही पटलं. माझ्या जिभेवर आख्खं भाषण आलं होतं. ते बोलले नाही. फाईल ज्याची त्याने ठरवायचं, एवढंच लिहिलं.

तीन दिवसांनी वहीत तुझी ओळ आली. दहा महिन्यांतली पहिली. 'वर्णनात एक्केचाळीसाव्या आकड्याची नोंद नाही. ज्यांनी वर्णन लिहिलं त्यांनी ती करावी.'

त्या ओळीत माझं नाव नाही, नमस्कार नाही. आपल्या नियमाप्रमाणे लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला जसं विचारायचं अगदी तसं. मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही.

एवढ्या एका नोंदीपुरती मी समितीची परवानगी मागितली. मिळाली. तू वाचलीच असशील, तरी इथे उतरवते: 'एक्केचाळीसावा आकडा ५२१ आहे. तो सूत्रात बसत नाही. मूळ प्रोग्राममध्ये तो तसा आहे आणि ज्यांनी हे आवाज ऐकले आहेत त्यांना तो तसाच माहीत आहे. बदलू नये. ही नोंद पहिल्याच दिवशी करायला हवी होती.'

डबा मी तुझ्या पत्त्यावर आजच पाठवतेय, दोरीने बांधून. वरच्या अकरा वाक्यांखेरीज त्यातलं काही माझ्या कानावर आलेलं नाही. कधी वाटलं तर ऐकव. नाही वाटलं तरी चालेल.

मशीन मात्र हलवलेलं नाही. आईच्या खाटेशेजारी, तिच्या उशीच्या उंचीवर, तसंच आहे. तुझी फाईल त्यावर काल मी चढवली. परवानगीने. चालतंय का बघायला काहीतरी टिपणं भाग होतं आणि काय टिपावं ते मला सुचेना. माझ्यासाठी तिच्याकडून काही वदवून घेणं म्हणजे पुन्हा चोरीच. मला तिने कधी 'बाळ' म्हटलं नाही. मी पाच वर्षांची असताना तू आलास आणि त्या दिवसापासून तिनेही मला ताईच म्हटलं. तुला तसं म्हणणारं आता कुणी उरलं नाही. मी तो एक शब्द टिपला.

बोलण्याचं बटण दाबलेलं नाही. दोन अक्षरं पडद्यावर आहेत. मावशी आता दुसरीकडे कामाला लागल्या आहेत, पण किल्ली त्यांच्याकडेच ठेवली आहे, आणि गुरुवारी मी पाच वाजेपर्यंत कॉलेजात असते.

ताई